पालथा कागद

बाईंचं डोकं फिरलं ते एका रकान्यावरून.

सोमवारी मधल्या सुट्टीत हेडसरांनी स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या हातात एकेक तक्ता ठेवला. वर ठळक अक्षरांत 'आकर्षक ऑनलाइन साहित्य : विषयवार यादी', खाली दहा ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे रकाने. साइटचं नाव, पत्ता, कोणत्या पाठासाठी वापरलं, आणि सगळ्यात शेवटी 'आकर्षकता, एक ते पाच'. गणिताच्या सरांनी आपला तक्ता चहाच्या कपाखाली घातला. विज्ञानाच्या बाईंनी त्याचा फोटो काढून मुलाला पाठवला. संध्याकाळपर्यंत तोच भरून देणार होता. इंग्रजीच्या बाईंनी मात्र तो वरपासून खालपर्यंत वाचला. हातात आलेला कागद पूर्ण वाचायचा ही त्यांची जुनी खोड होती, आणि या खोडीपायी त्यांनी आयुष्यात बरंच वैर ओढवून घेतलं होतं.

"सर, आकर्षकता मोजायची कशी?"

"बाई, मुलांना मजा आली पाहिजे. एवढं साधं आहे."

"आणि मुलांना कळलं का, याचा रकाना कुठाय?"

गणिताचे सर खोकल्यासारखं हसले. हेडसर हसले नाहीत. ते तसे वाईट गृहस्थ नव्हते. वेळापत्रक आखण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता, पण संस्थेच्या अध्यक्षांचं नाव निघालं की त्यांच्या पाठीचा कणा कुठे जायचा कोण जाणे. "बाई, जरा केबिनमध्ये या," एवढंच ते म्हणाले.

केबिनचं दार लावून घेतल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. अध्यक्षांनी एका कंपनीचा तयार अभ्यासक्रम पसंत केला होता. इंग्रजी साहित्य आणि लेखन, सगळं टॅबवर. चाचणी घ्यायची ती बाईंच्या नववीवर, पुढच्या आठवड्यात मंगळवारी. चाचणी नीट झाली की पुढच्या सत्रापासून गुरुवारचा जोडतास संगणक खोलीत जाणार.

"म्हणजे लेखनाचा तास जाणार," बाई म्हणाल्या.

"जाणार कुठे? तिथेच होणार की. आणि तुम्ही असालच ना, देखरेखीला."

देखरेखीला! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते बाईंना त्या एका शब्दाने कळलं. आठवड्यातले बाकीचे पाच तास पाठ्यपुस्तकाचे होते. धडा, प्रश्न, उत्तर, पुढचा धडा. गुरुवारची सलग ऐंशी मिनिटं तेवढी मुलांची होती. अकरा वर्षांपूर्वी आधीच्या हेडसरांशी भांडभांड भांडून, आपली एक मोकळी तासिका देऊन आणि शनिवारची परीक्षा-ड्युटी गळ्यात घेऊन बाईंनी तो जोडतास मिळवला होता.

त्या तासाची एक रीत होती. बाई दर वेळी घरी लिहिलेला एक उतारा द्यायच्या. गोष्ट, पत्र, एखाद्या प्रवासाची हकिगत, काहीही. प्रत्येक उताऱ्यात त्यांनी मुद्दाम एक न जुळणारी गोष्ट घुसवलेली असायची. शब्द बरोबर, वाक्यं बरोबर, फक्त एक गोष्ट दुसरीशी जुळत नसे. मुलं त्याला 'चोर' म्हणायची. चोर सापडला की ओरडायचं नाही. कागद पालथा घालायचा, हाताची घडी घालायची आणि गप्प बसायचं. "तू ओरडलास तर शेजारच्याचं वाचणं पळवलंस," असं बाई पहिल्याच दिवशी बजावायच्या. अडतीसच्या अडतीस कागद पालथे झाले की बाई म्हणायच्या, "बोला." मग बोलणं, आणि मग लिहिणं : हा चोर इथे आला कसा? लेखक विसरला, का गोष्टीतला माणूस काहीतरी लपवतोय? अर्ध्या तासात अडतीस वेगळ्या गोष्टी तयार व्हायच्या. ही रीत बाईंनी कुठे लिहून ठेवली नव्हती. लिहिण्यासारखं त्यात काय होतं?

रविवारी जेवणं आटोपल्यावर बाई संगणकापुढे बसल्या. शेजारच्या खुर्चीत नवरा. नवऱ्याचा छोटा छापखाना होता, आणि बाईंचा प्रत्येक उतारा, जोडतास मिळायच्याही आधीपासून, गेली बावीस वर्षं तोच जुळवून छापून द्यायचा.

"तक्ता भरायचाच असेल तर प्रामाणिकपणे भरते," बाई म्हणाल्या. "मला नावं ठेवायला जागा नको."

"तू आणि नावं न ठेवता?" नवरा म्हणाला. "बस, बघू."

पहिल्या साइटवर अक्षरं नाचत होती. दुसऱ्या साइटवर टोपी घातलेला एक इसम उड्या मारत विशेषणं शिकवत होता, आणि प्रत्येक विशेषणाला मागून टाळ्या पडत होत्या. तिसरीवर कविता 'अनुभवण्याचे' दहा मार्ग होते. कविता वाचणे हा त्यांतला एकही नव्हता. चौथीवर गोष्टीच्या मध्येच फुगे उडायचे, ते फोडले की गुण मिळायचे. नवऱ्याने सतरा फुगे फोडले आणि त्याला नव्वद टक्के मिळाले.

"गोष्ट कशाची होती हो?" बाईंनी विचारलं.

"कोणाला ठाऊक. पण मी हुशार आहे, असं लिहिलंय इथे."

सगळंच टाकाऊ होतं असं म्हणायला बाई तयार नव्हत्या. दोन गोष्टी त्यांना खरोखर आवडल्या. एक म्हातारी बाई आपल्या स्वयंपाकघरात बसून जुन्या गोष्टी सावकाश वाचून दाखवत होती. मध्येच किटली शिट्टी मारायची आणि ती "थांबा हं" म्हणून उठायची. दुसऱ्या एका ठिकाणी दोन दूरच्या गावांतल्या शाळा मिळून एकच गोष्ट लिहीत होत्या, एक परिच्छेद इकडून, एक तिकडून, आणि एकमेकांची पात्रं मारून टाकल्याबद्दल मुलं पत्रातून भांडत होती. बाईंनी दोन्ही पत्ते तक्त्यात लिहिले आणि आकर्षकतेच्या रकान्यात पाच-पाच भरले.

मग कंपनीचा अभ्यासक्रम उघडला. पहिल्याच पानावर सगळ्यात लोकप्रिय पाठ म्हणून एका उताऱ्याचं चित्र होतं. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही पानं बघा."

उताऱ्याभोवती बारीक पानांची चौकट होती. तीन पानं डावीकडे झुकलेली, चौथं उजवीकडे. नवरा पुढे वाकला आणि त्याचा चेहरा उतरला. तो ठसा त्याच्या वडिलांच्या वेळचा होता. चौथं पान उलटं पडलं होतं आणि ते सुलटं करायचा त्याने बावीस वर्षं कंटाळा केला होता.

उतारा छत्रीचा होता, बाईंचा. एक कारकून बऱ्याच वर्षांच्या भांडणानंतर बहिणीला भेटायला निघतो. पहिल्या परिच्छेदात घाईत त्याची छत्री घरी दाराच्या खुंटीला राहते. तिसऱ्या परिच्छेदात बसथांब्यावर पाऊस येतो आणि तो छत्री उघडतो. दर वर्षी दुसऱ्या सत्रात बाई हा उतारा द्यायच्या. यंदा अजून दिला नव्हता.

त्याच्या खाली आणखी उतारे. सगळे ओळखीचे. त्यांनी एकावर क्लिक केलं तर साइट म्हणाली, आधी पैसे भरा. स्वतःच्याच घरात शिरायला तिकीट! आणि पानाच्या तळाशी लेखिकेचा फोटो होता. हाताची घडी, पांढरा सदरा, तेच डाव्या गालावरचं हसू.

धाकटी.

धाकटी म्हणजे बाईंच्या स्टाफरूममधल्या शेजारच्या टेबलावर सहा वर्षं बसलेली शिक्षिका. पहिल्या दिवशी आठवीच्या मुलांनी तिला रडवलं तेव्हा बाईंनी तिला तोंड धुवायला लावलं होतं, परत वर्गापर्यंत सोबत गेल्या होत्या आणि दारात उभ्या राहिल्या होत्या. बाईंना ती ताई म्हणायची. बाईंच्या डब्यात दोन माणसांचं असायचं. तीन वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडली तेव्हा "ताई, तुमची फाइल एकदा द्या ना, आठवण म्हणून झेरॉक्स काढते," असं म्हणाली होती आणि बाईंनी एकशे चौदा उताऱ्यांची फाइल कौतुकाने तिच्या हातात ठेवली होती.

"कानामागून आली आणि तिखट झाली," नवरा म्हणाला.

बाईंना राग आला होता हे खरं, पण त्याच्या आधी वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं याचाच त्यांना जास्त राग आला. त्या उठल्या, तीन कप विसळले, त्यांतला एक फोडला आणि परत येऊन बसल्या.

"अध्यक्षांना सांग," नवरा म्हणाला. "मी ठसा घेऊन येतो."

"थांबा." बाई पडद्यावर नाक लावून वाचत होत्या. छत्रीचा पाठ तेवढा नमुना म्हणून फुकट उघडा होता, आणि त्याखाली चार पर्यायांचे प्रश्न होते. कारकून कुठे निघाला? बसथांब्यावर काय झालं? त्याच्या छत्रीचा रंग कोणता? बाईंनी दहाच्या दहा प्रश्न वाचले. मग शिक्षकांसाठीच्या सूचना वाचल्या. "अहो, हिला चोर दिसलेलाच नाही."

"म्हणजे?"

"सहा वर्षं शेजारी बसली. प्रती काढल्या, ढापल्या, विकल्या. पण एकदाही वाचलं नाही हो हिने."

मंगळवारी अध्यक्ष आले. त्यांच्यासाठी वर्गात गादीची खुर्ची आणली होती. फळ्याच्या जागी मोठा पडदा, आणि पडद्याच्या कडेला एक उभी पट्टी. जितकी मुलं उत्तर देतील तितकी ती हिरवी होत वर चढणार. मुलांच्या बाकांवर अडतीस टॅब मांडून ठेवले होते.

कंपनीकडून स्वतः धाकटी आली. व्हरांड्यात बाई दिसताच ती पाया पडल्यासारखी वाकली आणि अर्ध्यातच सरळ झाली.

"ताई! किती वर्षांनी!"

"कुठला पाठ घेणार?"

"छत्रीचा. तोच सगळ्यात जास्त चालतो आमचा."

"तुमचा?"

धाकटीचं हसू गालावरच राहिलं. "ताई, तुम्हीच म्हणायचात, घेऊन जा, वापर. तुम्ही तर सगळ्यांना फुकट वाटत होतात. मी फक्त नीट मांडलं. हजारो मुलांपर्यंत गेलं ते. तुमच्या कपाटात काय झालं असतं त्याचं?"

बाई खरोखरच फुकट वाटत होत्या, खरोखरच 'घेऊन जा' म्हणाल्या होत्या. आपण दार सताड उघडं ठेवायचं आणि मग आत कोण शिरलं म्हणून ओरडायचं, असं झालं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यातली गंमत ठाऊक आहे ना तुला?"

"कुठली गंमत?"

बाई आत गेल्या आणि मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सांगता आलं असतं. नाही सांगितलं. चांगुलपणाचा मक्ता काही त्यांनी एकटीने घेतला नव्हता.

"आज बाई बोलणार नाहीत," अध्यक्षांनी जाहीर केलं. "खूणही करणार नाहीत. ही निव्वळ साहित्याची चाचणी आहे."

धाकटीने सुरुवात झकास केली. आवाज चांगला होता तिचा. तो कसा लावायचा हे बाईंनीच शिकवलं होतं. पडद्यावर ढग आले, पाऊस आला, उतारा आला. मुलं आपापल्या टॅबवर वाचायला लागली. वर्ग शांत झाला.

सगळ्यात आधी शेवटच्या बाकावरच्या पेन्सिलने टॅब पालथा घातला. ही मुलगी अंगाने काडी, कानाला कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून तिला सगळे पेन्सिल म्हणायचे. तोंडाने वर्षभरात दहा वाक्यं बोलली असेल. टॅब पालथा घालून तिने हाताची घडी घातली. मग खिडकीजवळच्या दोघांनी. मग मधली रांग. पडद्यावर पहिला प्रश्न झळकला, चार पर्याय लुकलुकले, आणि बाकांवर टॅब उलटत राहिले, टप, टप, टप. आठ-दहा मिनिटांत अडतीसच्या अडतीस टॅब पालथे होते. अडतीस मुलं हाताची घडी घालून बसली होती. कडेची पट्टी तळाला पांढरीफटक.

"अरे, उत्तर द्या ना! बोट लावायचं फक्त," धाकटी म्हणाली. "चुकलं तरी चालेल!"

कोणी हललं नाही. मग एकेक मान मागे वळली. अडतीस चेहरे बाईंकडे बघत होते. सगळे कागद पालथे झाले होते. आता बाईंनी 'बोला' म्हणायचं होतं. आणि बाईंना बोलायची बंदी होती.

"पालथ्या घड्यावर पाणी," हेडसर अध्यक्षांच्या कानाशी पुटपुटले. पुटपुटणं सगळ्या वर्गाला ऐकू गेलं.

तिथे बाईंचा बांध फुटला.

"साहेब, यांनी उत्तर दिलेलं आहे," त्या भिंत सोडून पुढे आल्या. "सगळ्यांनी दिलंय. वाचता तुम्हाला येत नाहीये. बोला रे."

पेन्सिल उभी राहिली. "बाई, छत्री घरी राहिली होती. दाराच्या खुंटीला. मग थांब्यावर कुठली उघडली?"

धाकटी गर्रकन पडद्याकडे वळली आणि आपलाच लोकप्रिय पाठ वाचू लागली, बहुधा पहिल्यांदाच. तिसऱ्या परिच्छेदापाशी तिचा हात तोंडाकडे गेला.

"बारीक चूक आहे," अध्यक्ष म्हणाले. "दुरुस्त करून घ्या."

"चूक नाही ती, साहेब. धडा तोच आहे. बाकीचं सगळं त्याच्यासाठी लिहिलंय, आणि लिहिलंय मी."

"कोणी लिहिलं ते कंपनी बघेल." अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "आकडा किती आला?"

"शून्य," हेडसर म्हणाले.

"मग शून्य लिहा." आणि ते गेले. त्यांच्या मागे हेडसर गेले, हेडसरांच्या मागे गादीची खुर्ची गेली.

व्हरांड्यात धाकटीने बाईंना गाठलं. डोळे भरून आले होते, आणि ते खोटे नव्हते. "ताई, मला का नाही सांगितलंत? बाकीच्या पाठांतही आहे का असं?"

"एकशे चौदांमध्ये आहे."

"मग... कुठे कुठे आहे, तेवढी यादी द्याल?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. तोंड धुवायला लावलेली ती रडवेली पोरगी त्यांना क्षणभर दिसली, आणि म्हणूनच त्यांचा आवाज एवढा थंड निघाला असावा.

"वाच," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

बुधवारी हेडसरांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. चक्क चहा मागवला. "बाई, अभिनंदन. तुमचा गुरुवार वाचला!"

टेबलावर अहवाल होता. अध्यक्षांना अहवाल इंग्रजीतच लागत, म्हणून हेडसरांनी तो इंग्रजीत आणि फार कष्टाने लिहिला होता. बाईंनी पूर्ण वाचला. 'आकर्षक साहित्य उपलब्ध करूनही विद्यार्थ्यांनी कोणताही प्रतिसाद दिला नाही. सदर वर्गाची आकलनक्षमता कमी असल्याने हे विद्यार्थी आधुनिक अभ्यासक्रमास असमर्थ आहेत. त्यांच्यासाठी जुनी पद्धत चालू ठेवावी.' खाली दोन सह्यांच्या जागा. एक झालेली, हेडसरांची. दुसरी विषयशिक्षिकेची.

"हा शेरा कुठे जाणार?"

"प्रगतिपुस्तकात. नियमच आहे तसा." हेडसर कपाकडे बघत म्हणाले. "पुढच्या वर्षी ती साध्या गटात जातील. साहित्य नाही, नुसतं कामचलाऊ इंग्रजी. पण यंदाचा तास तर राहिला!"

"पेन्सिल साध्या गटात?"

"बाई, समजून घ्या. अध्यक्षांनी सगळ्या शाळेसाठी करार करून टाकलाय. साहित्य नापास झालं असं लिहिता येत नाही. मग कोणीतरी नापास व्हायलाच हवं ना? तुम्ही सही करा, तुमचा तास तुम्हाला. नाही केलीत तर चाचणी अपूर्ण धरतील, पुढच्या सत्राचीही वाट न बघता तास काढून घेतील आणि उद्याचा तुमचा शेवटचा गुरुवार."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. बाईंनी चहाला हात लावला नाही. अहवाल पर्समध्ये घातला आणि उद्या देते म्हणाल्या.

घरी नवऱ्याने तो वाचला, चष्मा काढला आणि पुसला. "सही केलीस तर गुरुवार राहतो."

"हो."

"पोरं मंद ठरवून."

"हो! तेच तर म्हणतेय मी मघापासून!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारच्यांची खिडकी उघडली. "अकरा वर्षं हा तास मी दातांत धरून ठेवला. कशासाठी? कागदावर लिहिलेलं निमूट मान्य करू नका, हे शिकवायला! आणि आता तोच तास टिकवायला मी असल्या कागदावर सही करू?"

"मी फक्त छापतो," नवरा म्हणाला. "कागद तुझा. किती प्रती हव्यात तेवढं सांग."

बाई बोलता बोलता थांबल्या.

"अडतीस," त्या म्हणाल्या.

गुरुवारी बाई वर्गात आल्या आणि नेहमीसारखे कागद वाटले. या वेळी पानांची चौकट नव्हती. "हा उतारा मी लिहिलेला नाही," त्या म्हणाल्या. "पण नियम तोच."

वाचता वाचता काही चेहरे लाल झाले. पहिल्या बाकावरच्या एकाने ओठ चावला. तिसऱ्या ओळीपाशी कोणाच्या तरी घशातून आवाज निघाला आणि दाबला गेला. बाईंना वाटलं, आपण चुकलो, एवढा जहरी कागद मुलांच्या हातात द्यायला नको होता. त्या पुढे सरणार तोच शेवटच्या बाकावर पेन्सिलने कागद पालथा घातला आणि हाताची घडी घातली. मग खिडकीजवळच्या दोघांनी.

तेवढ्यात दारात हेडसर आले. हातात सहीसाठी उघडलेलं पेन होतं. ते काही बोलणार होते, पण समोर एकेक कागद पालथा पडत होता आणि वर्गात कोणी अवाक्षर काढत नव्हतं, म्हणून तेही उंबऱ्यावरच थांबले. शेवटचा कागद पालथा झाला.

"बोला," बाई म्हणाल्या.

पेन्सिल उभी राहिली. आवाज थरथरत होता, पण रागाने. "यात लिहिलंय की विद्यार्थ्यांनी कोणताही प्रतिसाद दिला नाही. आम्ही सगळ्यांनी दिला होता. सर तिथेच होते. सरांनी ऐकलं होतं."

आता अडतीस माना दाराकडे वळल्या.

"मग चोर इथे आला कसा?" बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. त्या हेडसरांकडे बघत नव्हत्या. "लिहिणारा विसरला, का लिहिणारा काही लपवतोय?"

"लपवतोय," खिडकीजवळचा एकजण म्हणाला.

"का?"

"घाबरलाय, बाई," पेन्सिल म्हणाली.

हेडसरांनी इकडेतिकडे बघितलं. कान लालबुंद झाले होते. कोणत्याही क्षणी ते गरजतील असं वर्गाला वाटलं, बाईंनाही वाटलं. पण ते गरजले नाहीत. खाली वाकून त्यांनी जवळच्या बाकावरचा एक कागद सुलटा केला, स्वतः लिहिलेलं एकदा वाचलं.

"बाई," ते हळू म्हणाले, "खरं लिहिलं तर अध्यक्ष माझी खुर्ची काढून घेतील."

"आणि हे पाठवलंत तर ही अडतीस जणं कायमची मंद ठरतील. मी सही करणार नाही, सर. तास घ्यायचा तर घ्या."

हेडसर पहिल्या बाकावर जिथे एक जागा रिकामी होती तिथे, गुडघे आखडून, कसेबसे बसले. शेजारच्या मुलाने सरकून जागा दिली. त्यांनी कागद पालथा घातला. मागची बाजू कोरी होती.

"मग काय लिहू?" त्यांनी बाईंना विचारलं.

"मला काय विचारता?" बाई म्हणाल्या. राग अजून उतरला नव्हता, आणि उतरवायची त्यांना घाईही नव्हती. "जे घडलं ते लिहा. अडलं तर यांना विचारा."

हेडसरांनी पहिलं वाक्य लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. पेन्सिल शेवटच्या बाकावरून उठून त्यांच्यामागे येऊन उभी राहिली आणि खांद्यावरून वाचू लागली.

"सर," ती म्हणाली, "यात तुम्ही कुठे आहात?"

हेडसरांनी तेही खोडलं.

"लिहा, सर," बाई म्हणाल्या. "अजून पन्नास मिनिटं आहेत."